ताटाखालचं घड्याळ

इंदापूरच्या जुन्या पेठेतल्या त्या घरात खिडकीखाली एक बुटकं टेबल होतं, आणि टेबलावर कायम एक पितळी ताट पालथं घातलेलं असायचं. येणारी-जाणारी एखादी बाई विचारायची, "काय झाकून ठेवलंय सारजाकाकू? मांजर लागलंय काय?"

सारजाकाकू म्हणायच्या, "ह्यांचं काम हाय."

यावर विचारणारी पटकन विषय बदलायची. कारण 'हे' म्हणजे संभाजीराव, आणि संभाजीरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

संभाजीराव घड्याळजी. एसटी स्टँडजवळ त्यांची टपरी होती. उन्हातान्हात डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस गावानं इतकी वर्षं पाहिला, की ते भिंग काढून समोर आले तर लोक क्षणभर ओळखायचे नाहीत. पुढं सेलची घड्याळं आली, मग घड्याळंच गेली, मोबाईल आले. रस्ता रुंद झाला त्यात टपरीही गेली. संभाजीराव टेबल डोक्यावर घेऊन घरी आले, खिडकीखाली मांडलं आणि म्हणाले, "सारजे, आता दुकान तुझ्या चुलीच्या शेजारी."

काम फारसं नव्हतंच. आसपासच्या गावांतले दोन-चार म्हातारे चावीची घड्याळं घेऊन यायचे. पण नंतर संभाजीरावांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाची बशी धरवत होती, पण चिमट्यात तांदळाच्या कणीएवढा स्क्रू धरवेना. तेव्हापासून हात सारजाकाकूंचा आणि बोलणं त्यांचं, असं काम सुरू झालं. काकूंनी जन्मभर देवाच्या वाती वळलेल्या, कापसाची वस्त्रं केलेली. त्यांची बोटं बारीक कामाला सरावलेली होती. फक्त मनात भीती होती.

"भ्यायचं काय त्यात?" संभाजीराव म्हणायचे. "देवांना आंघोळ घालून परत देव्हाऱ्यात मांडतीस का न्हाय? कोण आधी बसतो, कोण मागनं, कोण कुणाच्या शेजारी, ठाव असतंय ना? ह्ये तसंच. ज्याची जागा त्येला दिली की झालं."

काम करताना पदराचं टोक टेबलाच्या कडेच्या खिळ्याला अडकवायचं, ही त्यांची जुनी पद्धत. ते स्वतः धोतराचा सोगा अडकवायचे. चिमट्यातून काही निसटलं तर खाली फरशीवर न जाता झोळीत पडतं. काकूंनी पहिल्यांदा पदर अडकवला तेव्हा ते हसले होते. "आता उठून पळायची सोय न्हाय तुला."

शेवटचं घड्याळ आलं ते कळस गावच्या हिंदुरावआबांचं. संभाजीरावांनी ते खोललं, एकेक भाग स्वतः थरथरत्या हातानं पेट्रोलमध्ये धुतला, कुणाला हात लावू दिला नाही. चाकं, स्क्रू, कमानी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवल्या. म्हणाले, "दमलो. उद्या तू बसीव, मी सांगतो." त्या रात्री छातीत कळ आली. बारामतीला दवाखान्यात नेलं. तिथून परत आले ते बोलणारे आले नाहीत.

चौदावा झाला, पाहुणे गेले, आणि काकूंनी त्या वाट्यांवर धूळ नको म्हणून ताट पालथं घातलं. ते उचलायला त्यांचा जीव धजायचा नाही. एकदाच उचललं, खंडेनवमीला. घरात वर्षभर सण करायचा नव्हता, भावकीतल्या बायकांनी सांगितलंही होतं. पण काकूंना वाटलं, सण नाही तो आपल्याला, हत्यारांनी काय केलंय? त्यांनी ताट उचललं, चिमट्याला, भिंगाला, वाट्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी फूल काढून ताट परत ठेवून दिलं.

स्वतःच्या कपाळाला मात्र त्यांनी संभाजीराव गेल्यापासून कधी कुंकू लावलं नाही. कुणी लावू नको म्हणालं नव्हतं. लेक राजनंदिनी तर रागवायची. पण आरशापुढं उभं राहून करंडा उघडायला त्यांचा हातच होत नव्हता. करंडा देव्हाऱ्यातच असायचा, देवापुरता.

वर्षश्राद्ध झाल्यावर, श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी हिंदुरावआबा दारात उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीतून भेंडीची शेंडी डोकावतेय.

"वैनी, हायसा का?"

"या की आबा. कुठं जायाची मी?"

आबा उंबऱ्याजवळच बसले. पाणी प्याले. पावसाची, उसाच्या लागणीची, गुडघ्याची चौकशी झाली. मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "वरीस हुस्तवर विचारू न्हाय म्हणलं. आता झालं वरीस. माझं ते घड्याळ..."

"हाय की."

"चालू हाय?"

काकूंनी ताट उचललं. आबा गुडघ्यावर हात टेकत उठून जवळ आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आगायाया! ह्येच्या तर सावडलेल्या अस्थी झाल्या की!"

म्हटल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. जीभ चावून ते पुन्हा उंबऱ्याशी जाऊन बसले.

"असू द्या वैनी. पुडीत बांधून द्या. पोरगंबी म्हणतंय, आबा, मोबाईलवर बघा की टाईम. मी म्हणलं, बाबा, माळेगावला उसाची गाडी घेऊन जायचो कारखान्याला, तवा आमच्या गाड्यांच्या रांगंत येकट्या माझ्या हातात घड्याळ हुतं. समदे मलाच विचारायचे, किती वाजले हिंदुराव? आता कोण विचारतंय म्हणा." आबा हसले. "द्या बांधून."

काकू वाट्यांकडं बघत होत्या. हे तुकडे पुडीत बांधायचे. रबर लावायचा. संभाजीरावांनी हातात घेतलेलं घड्याळ एकदाही असं गेलं नव्हतं. झालं नाही तर तसं सांगून परत द्यायचे, पण जोडून द्यायचे. "मेलेलं असलं तरी आख्खं द्यावं माणसाचं माणसाला," असं म्हणायचे. आणि हे तर मेलेलंही नव्हतं, फक्त राहिलं होतं.

"न्हाय आबा. तुकड्यात द्यायची न्हाय."

"मग? बशीवणार कोण?"

"मी."

आबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग टेबलाकडं, मग भेंडीकडं. थट्टा करावी की नको याचा विचार त्यांच्या तोंडावर दिसत होता. शेवटी टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "मग दसऱ्याला घालून मिरवीन म्हणतो."

"दसऱ्याला न्या."

शब्द गेला. राजनंदिनीला फोनवर हे कळलं तेव्हा ती बारामतीहून जवळजवळ ओरडलीच. "आई, तुझे डोळे बघ, वय बघ! कशाला नको ते अंगावर घेतेस? त्यांनी मागितलं तसं देऊन टाकायचं. मी तर म्हणते ते टेबलच काढ आता. तिथं फ्रिज बसतोय बरोबर, दिगंबर माप घेऊन गेलेत."

"जावईबापूंनी माप घेतलं?"

"मागच्या खेपेला. तू आत होतीस."

"बरं," काकू म्हणाल्या. "दसऱ्यानंतर बघू."

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली, पूजा झाली, तुळशीला पाणी घातलं, आणि खिडकीतून ऊन टेबलावर आलं तशा काकू बसल्या. पदर खिळ्याला अडकवला. भिंग डोळ्याला लावलं. भाग धुवायचे का, असा विचार मनात आला होता. वर्षभर पडून होते. पण ह्यांनी धुतलेले आपण परत धुवायचे म्हणजे काय, ह्यांनी नीट धुतले नव्हते म्हणायचं का? नुसता रबरी फुग्यानं वारा घातला, आणि सुरुवात केली.

घर गप्प होतं. काम करताना नेहमी शेजारी एक आवाज असायचा. तो नव्हता, म्हणून काकूंची बोटं पुढं सरकेनात. मग त्यांनी स्वतःच बोलायला सुरुवात केली, त्यांच्याच शब्दांत.

"आधी पेटी, सारजे."

पेटी म्हणजे ज्या डबीत चावीची कमान गुंडाळलेली असते ती. ती पहिली बसली.

"आता थोरलं चाक. मग मधलं. आता सेकंदाचं. आता दातरं, त्येला जपून, त्ये रुसकं हाय."

चार चाकं आपापल्या खळग्यात उभी राहिली. त्यांच्यावर एक पट्टी बसवायची असते, आणि प्रत्येक चाकाच्या सुईसारख्या टोकानं त्या पट्टीतल्या आपल्या भोकात शिरायचं असतं. एक शिरलं की दुसरं निसटतं. दुसरं शिरलं की पहिलं तिरकं होतं. काकूंनी सकाळभर खटपट केली. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. मान अवघडली. त्यांनी ताट झाकलं आणि भाकरी टाकायला उठल्या, तर पदर खिळ्याला अडकलेला. तशाच मागं ओढल्या गेल्या. "उठून पळायची सोय न्हाय," त्या आपल्याशीच म्हणाल्या, आणि हसायच्या ऐवजी त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

असे काही दिवस गेले. रोज ऊन येईतो पूजा आणि ऊन जाईतो काम. कधी वाटायचं, स्क्रू पिळून बसवून टाकावी पट्टी. की लगेच काकूंच्याच तोंडून यायचं, "दाबू नगं, पटव." चिमट्याच्या टोकानं एकेका चाकाला नुसतं हलवायचं, पट्टीवर बोटाचा भार असून नसल्यासारखा ठेवायचा, आणि वाट बघायची. एका सकाळी पट्टी आपोआप खाली बसली. आवाज झाला नाही, पण बोटाला कळलं.

पुढचं मग सोपं गेलं. दातऱ्याला अडवणारा काटकुळ्या पायांचा छोटा आकडा बसला. चावीला दोन-चार फेरे दिले. शेवटी केसासारख्या कमानीवर लोंबणारं चक्र. ते जागेवर उतरलं, आणि काकूंनी स्क्रू फिरवायच्या आधीच झुलायला लागलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

अशा वेळी संभाजीराव म्हणायचे, "लागलं बघ श्वास घ्यायला." हे शब्द मात्र काकूंना मोठ्यानं म्हणता आले नाहीत.

तबकडी बसली, काटे बसले. घरात टिकटिक सुरू झाली. काकूंनी देवापुढं साखर ठेवली, आणि साखर ठेवून वळतायत तोवर टिकटिक थांबली.

सेकंदाचा काटा आठाजवळ अडकला होता. काकूंनी नखानं टिचकी मारली. निघाला. एक फेरा घेऊन परत आठाजवळ आला आणि थांबला. पुन्हा टिचकी, पुन्हा फेरा, पुन्हा आठ. दिवसभर हाच खेळ. काकूंनी पट्टी सैल केली, घट्ट केली. तेलाचा थेंब दिला. देवाला सांगितलं. आपल्या हाताचाच दोष, असं म्हणून हातही बघितले.

गणपती येऊन गेले. बाजाराला आलेले आबा दारातून वाकायचे. "काय वैनी, पेशंट कसा हाय?"

"उठतोय, पडतोय."

"म्या बी तसाच हाय." आबा चहा घ्यायचे, उंबऱ्याशीच. चहा झाला की कप स्वतः विसळून ठेवायचे. घरी सूनबाई हातात कप देते आणि मोबाईल बघत परत घेते, असं एकदा बोलून गेले आणि लगेच म्हणाले, "चांगली हाय पोर. कामाची हाय."

शेवटी काकू घड्याळ रुमालात बांधून बारामतीला गेल्या. राजनंदिनीनं स्कूटरवरून त्यांना एका मोठ्या दुकानात नेलं. काचेमागं भिंतभर घड्याळं, सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर. काउंटरवरच्या माणसानं हिंदुरावआबांचं घड्याळ हातात घेतलं, मागचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा जरा बदलला.

"कुणी बसवलं हे?"

"मी," काकू म्हणाल्या.

"माझे वडील असते तर बघितलं असतं मावशी. मला चावीचं जमत नाही, खोटं कशाला सांगू? सेल बदलणं, पट्टा बदलणं, एवढंच राहिलंय आता." त्यानं झाकण लावलं. "पण एक करता येईल. ह्यातलं मशीन काढून सेलचं टाकतो. तबकडी हीच, काटे हेच, डबी हीच. ज्यांचं आहे त्यांना कळणारही नाही."

"बघ, सुटला प्रश्न," राजनंदिनी म्हणाली. "टाकून घेऊ या आई."

काकूंना तो क्षणभर सुटल्यासारखाच वाटला. दसरा जवळ आला होता. शब्द दिलेला होता. त्यांनी विचारलं, "आणि चावी?"

"चावी फिरते ना. नुसती फिरते, शोभेला."

काकूंच्या डोळ्यांपुढं आबा आले. सकाळी उठून, उंबऱ्यावर बसून, दोन बोटांत चावी धरून फिरवणारे. आणि आत काहीच नाही.

"नगं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी रिकामी चावी द्यायला लावू त्यास्नी?"

दुकानदार घड्याळ परत देताना सहज म्हणाला, "थांबतं कुठं पण?"

"आठापाशी."

"दर वेळी तिथंच?"

"दर वेळी तितंच."

परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसल्यावर काकूंना आपलंच उत्तर पुन्हा ऐकू आलं. दर वेळी तितंच. आणि टपरीतल्या कुठल्यातरी दुपारची आठवण झाली. त्या डबा घेऊन गेल्या होत्या आणि संभाजीराव एका गिऱ्हाईकाला सांगत होते, "कुठं बी थांबत असलं तर तेल न्हायतर कमान. येकाच जागंला थांबत असलं तर दातात कायतरी अडकलंय." तेव्हा काकूंना त्या बोलण्याशी काही कर्तव्य नव्हतं. भाकरी गार होत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर त्यांनी काटे काढले, तबकडी काढली, चक्र काढलं, ती हट्टी पट्टी काढली. सेकंदाचं चाक चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेलं आणि भिंगातून एकेक दात बघायला लागल्या.

दोन दातांच्या मध्ये काहीतरी लाल होतं.

आधी वाटलं गंज. पण गंज असा तांबडालाल नसतो. उदबत्तीची विझलेली काडी टोकाला ब्लेडनं तासून संभाजीराव घड्याळाची भोकं साफ करायचे. तशा काड्यांची जुडी खणात होती. त्यातली एक घेऊन काकूंनी तो कण उचलला. काडीच्या टोकावर तो बसला. भिंगात एवढा मोठा, आणि भिंग काढलं तर नाहीच.

कुंकू.

काकूंचा चिमटा धरलेला हात गुडघ्यावर आला. खंडेनवमीला आपण ताट उचललं, वाट्यांवर चिमटीनं कुंकू सोडलं, नमस्कार केला, सगळं आठवलं. हे होते तेव्हा खंडेनवमीला काय करायचे? खोललेलं घड्याळ आत कपाटात ठेवायचे, मग टेबलाची पूजा. इतकी वर्षं बघितलेलं. आणि मग इथं ह्यांनी धुतलेलं म्हणून परत धुतलंही नाही. भक्तीनं घातलं आणि भक्तीनंच ठेवून दिलं.

रागवायला कुणी नव्हतं, हेच त्यांना फार लागलं. ते असते तर भिंग कपाळावर सरकवून म्हणाले असते, "सारजे, घड्याळाला मळवट भरलास काय गं!" आणि आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतं. राजनंदिनीच्या सासरच्यांना सांगितलं असतं. काकू लटक्या रागानं आत निघून गेल्या असत्या. आता हे घडलं ते एकट्या काकूंना माहीत. फोन करून सांगावं तर काय सांगायचं?

काडीवरचा कण त्यांना झटकून टाकवेना. त्या उठल्या, या वेळी पदर आधी सोडवून. देव्हाऱ्यातला करंडा उघडला आणि काडी आत टेकवली. कण कुंकवात मिसळला. तिथं तो कुठला, ते ओळखायला येणार नव्हतं.

मग त्यांनी सगळे भाग पेट्रोलमध्ये धुतले, एकेक. "तुमी धुतलेलंच हाय, पण मी घाण केली," असं म्हणत धुतले. पुन्हा पेटी, पुन्हा थोरलं चाक. या खेपेला पट्टी त्याच सकाळी बसली. काटा आठ ओलांडून गेला, फेरा घेऊन आला, परत ओलांडून गेला. काकू तो फेरा बघत बसल्या आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळ करपली.

पण घड्याळ चालू झालं म्हणजे द्यायला झालं असं संभाजीराव मानायचे नाहीत. दुरुस्त घड्याळ घरात निजवायचं, ही त्यांची शिस्त. काही दिवस उताणं, काही दिवस पालथं, काही दिवस कुशीवर, मग खुंटीला टांगून. माणूस हात कसा ठेवंल काय सांगावं, म्हणायचे. तसं काकूंनी ते निजवलं. रोज सकाळी पूजा आटोपली की हात पुसून चावी द्यायची, कान लावायचा, कूस बदलायची.

आणि घरात सोबत आली. स्वयंपाकघरात भाजी चिरतानासुद्धा ती बारीक टिकटिक ऐकू यायची. दुपारी पडल्यावर यायची. काकूंना लक्षात आलं की वर्षभर आपण विनाकारण रेडिओ लावून ठेवत होतो, तो आता लावत नाही. पितृपंधरवड्यात संभाजीरावांचं पान वाढलं. कावळा शिवेपर्यंत दारात ताटकळत उभ्या होत्या, तर मागं घड्याळ चालत होतं, आणि त्यांना एकटं उभं असल्यासारखं वाटलं नाही.

बाजारच्या दिवशी आबा आले. टिकटिक ऐकून उंबऱ्यातच थबकले. "हायला! लागलं की वो!"

"लागलं."

"द्या मग. आजच बांधतो."

काकूंचा हात टेबलाकडं गेला आणि तिथंच थांबला. "आजून कुशीवर निजवायचं राहिलंय," त्या म्हणाल्या.

खरं म्हणजे कुशीवर निजवून झालं होतं. डाव्याही आणि उजव्याही. टांगूनही झालं होतं.

"असू द्या, असू द्या," आबा म्हणाले. "तुमी दसरा म्हणला हुता. आमाला कुठं कारखान्याचा भोंगा गाठायचाय." चहा घेतला. कप विसळला. जाताना एकदा टेबलाकडं वळून पाहिलं, लहान पोरानं जत्रेतल्या दुकानाकडं बघावं तसं.

ते गेल्यावर काकूंनी देवापुढं दिवा लावला, पण डोळे मिटून उभं राहवेना. आपण देवाच्या देखत खोटं बोललो. दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची म्हणून बोललो. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नेहमीसारखाच रांगत होता. काकू त्याला म्हणाल्या, "दसऱ्याला देते. शब्द हाय." आणि मग हळूच, "तवर राहू दे की."

नवरात्रात त्या घड्याळाला अगदी जपून होत्या. खंडेनवमीला सकाळी आधी घड्याळ आत नेलं, कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं, कपाट लावून घेतलं. मग टेबल पुसलं. चिमटा, भिंग, फुगा, उदबत्तीच्या काड्या, रिकाम्या वाट्या मांडल्या. करंडा उघडून चिमटीत कुंकू घेतलं, एकेका हत्याराला लावलं. शेवटी चिमटीत थोडं उरलं. उरलेलं त्यांनी त्या खिळ्याला लावलं, ज्याला पदर अडकवायच्या.

दसऱ्याला संध्याकाळी आबा आले. डोक्यावर टोपीच्या जागी फेटा, अंगात कडक सदरा, हातात आपट्याची पानं. आज ते उंबऱ्याशी न बसता आत आले. काकूंच्या हातावर पानं ठेवली, वाकून नमस्कार करायला गेले तशा काकू मागं सरल्या.

"अवं, तुमी मोठं हायसा आबा."

"तुमाला न्हाय करत. संभाजीरावांच्या जागंला करतोय." त्यांनी टेबलाला हात लावून तो कपाळाला लावला.

काकूंनी कपाटातून घड्याळ आणलं. नवा पट्टा राजनंदिनीनं बारामतीहून पाठवला होता. आपणहून पाठवला होता. आबांनी मनगट पुढं केलं. एका हातानं बकल लागेना, म्हणून काकूंनी लावून दिलं. आबांनी हात कानाजवळ नेला. बराच वेळ ऐकत राहिले.

"चावी कवा द्यायची?"

"सकाळी. रोज येकाच येळंला. आंघोळ झाली की द्या, म्हंजी इसरणार न्हाय. आन् अडलं की थांबायचं, पिळायचं न्हाय."

"मजुरीचं काय वैनी?"

"ते ह्यांच्याशी ठरलं आसंल की तुमचं."

"ठरलं काय न्हवतं." आबा घुटमळले. "चहा पिऊन जायचो मी नुसता."

"मग ठेवते की चहा."

चहा झाला. आज आबांनी कप विसळला तेव्हा घड्याळाचा हात लांब धरून, पाण्याला न लावता विसळला. दारात चपला घालताना ते म्हणाले, "आता कायतरी बिघडल्याबिगर येता बी यायचं न्हाय."

"बाजार असतोय की आबा."

"व्हय, बाजार असतोय," आबा म्हणाले. पण ते म्हणणं दोघांनाही कसंनुसंच वाटलं. फेटा सांभाळत ते गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथं कुणीतरी सोनं द्यायला थांबलं, आणि आबांनी विनाकारण बाही वर करून वेळ पाहिलेली काकूंनी दारातून बघितली.

आत येऊन त्यांनी वाट्या धुतल्या, पुसल्या, एकात एक घालून खणात ठेवल्या. चिमटा ठेवला. भिंग ठेवलं. टेबल आता पार मोकळं झालं. ह्यांचं काम संपलं होतं. सवयीनं त्यांनी ताट उचललं आणि टेबलावर पालथं घातलं. मग त्याखाली काही नाही हे ध्यानात आलं, पण ताट तसंच राहू दिलं. फ्रिजचं माप कितीही घेऊ देत, दिवाळीपर्यंत तरी राहू दे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाली. देव पुसून ज्याच्या त्याच्या जागी मांडले. घंटी वाजवली, तुळशीला पाणी घातलं. काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि खिडकीपाशी आल्या. ऊन नुकतंच ताटावर आलं होतं. कळसला आता आबांची आंघोळ झाली असेल, असं मनात आलं. तेव्हा त्यांनी पाहिलं, की आपला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर टेकून हळूहळू फिरत आहेत, पुढं आणि मागं, पुढं आणि मागं. त्यांनी बोटांना थांबवलं नाही. अडेपर्यंत फिरवायची असते चावी, आणि अडायला तिथं काही नव्हतं.